फळ्यावरचं शहर

१

तीनशे वर्षांपूर्वीचं शहर ज्या पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलं होतं, त्यातून गुरुवारी सकाळी अकरा वाजता जगाचं पर्जन्यमान बाहेर पडलं. शाळेच्या भिंतीवर टांगतात तसला, वरखालच्या लाकडी पट्ट्या उपटलेला जुना छापील नकाशा. हिरवा रंग जास्त पावसाचा, पिवळा कमी पावसाचा. ज्या शहराची त्रिशताब्दी रविवारी साजरी व्हायची होती, ते त्यात टाचणीच्या टोकाएवढंही नव्हतं.

शहराचा मूळ हस्तलिखित नकाशा, कापडावर काढलेला, शहरातली एकुलती एक मौल्यवान वस्तू, गायब झाला होता.

नळकांडं उघडणारी होती संग्रहालयाच्या नोंदी आणि किल्ल्या सांभाळणारी. घरात तिला धाकटी म्हणत, कारण घरात थोरली जाऊ होती. कपाटाची किल्ली एकच, आणि ती अकरा वर्षं हिच्याच कमरेला. कुलूप शाबूत होतं. त्रिशताब्दी समितीच्या अध्यक्षांनी एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा तिच्या कमरेकडे पाहिलं, आणि शनिवारी चार वाजता समितीची बैठक लावली. ठराव एकच. हिला नोकरीवरून काढायचं आणि प्रकरण पोलिसांकडे द्यायचं.

धाकटी घरी आली ती रडतच. थोरल्या जाऊबाई जेवायला बसल्या होत्या. चाळीस वर्षं शहरातल्या मोठ्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळं शहर त्यांना नुसतं 'बाई' म्हणे, आणि पाठ वळली की 'पट्टी'. दोघींचेही नवरे गेलेले, मुलंबाळं नाहीत. तीन खोल्यांत दोघी राहात, म्हणजे बाई राहात आणि धाकटी वावरत असे.

"जाऊबाई, मला तुरुंगात घालणार हो ते!"

"आधी डोळे पूस. पानात पाणी पडतंय."

हिनं नकाशा नेला असेल, असं बाईंच्या मनात क्षणभरही आलं नाही. चोरीला जी अक्कल लागते ती हिच्याकडे असती तर ही अकरा वर्षं कपाटांना किल्ल्या लावत बसली नसती, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या माणसांना आपण कृपांक देऊन सातवीतून वर ढकललं, ती आता आपल्या उंबऱ्यात पोलीस उभे करणार होती!

"कपाट शेवटचं कधी उघडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. त्रिशताब्दीच्या ग्रंथात छापायला नकाशाचा फोटो काढला ना, तेव्हा."

"कोण कोण होतं?"

"अध्यक्ष, ग्रंथाचे संपादक आणि नगरपालिकेत नकाशे काढायचे ते आरेखक. फोटोवाला काम झाल्यावर लगेच गेला. नकाशा आरेखकांनीच गुंडाळला, नळकांड्यात घातला, झाकण लावलं. मी समोर उभी होते. मग शेजारच्या खोलीत चहा झाला."

"नळकांडं कुठं होतं तेव्हा?"

धाकटीचा आवाज खाली गेला. "टेबलावरच. दहाएक मिनिटं. मग मी ते कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं."

"उघडून बघितलंस?"

"जड लागलं हाताला... म्हटलं, असणारच आत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे किल्लीचा काही संबंधच नाही. तू अत्यंत काळजीपूर्वक पर्जन्यमान कुलपात ठेवलंस!"

२

चहाच्या दहा मिनिटांत तिघंही एकेकदा खोलीबाहेर गेले होते. अध्यक्षांना फोन आला, संपादकांना हात धुवायचे होते, आरेखकाला विडी ओढायची होती. धाकटी कपबशा आवरत होती. तिला एवढंच आठवत होतं की अध्यक्षांनी काखेत कापडी फलकांची गुंडाळी आणली होती, सोहळ्यासाठी रंगवलेले फलक सगळ्यांना दाखवायला म्हणून. दाखवायचे मात्र राहिले. "अक्षरं चुकलीयत म्हणाले, आणि तसेच परत घेऊन गेले."

"त्याची अक्षरं सातवीपासून चुकतायत," बाई म्हणाल्या, आणि चपला घालून संग्रहालयात गेल्या.

संग्रहालयात त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. या शहरात काचेखाली ठेवण्यासारखं काही आहे, हेच त्यांना मान्य नव्हतं. तीन दालनं होती. पहिल्यात गंजलेल्या तलवारी, दुसऱ्यात शहरातल्या थोर पुरुषांची तैलचित्रं, सगळ्यांना एकच नाक, कारण चित्रकार एकच. तिसऱ्यात नकाशासाठी आणलेली नवी कोरी काचेची पेटी, रिकामी. शेजारच्या टेबलावर ते पर्जन्यमान पसरलेलं होतं. पसरलेलं म्हणजे काय, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती तरी कडा वर उचलून पुन्हा गुंडाळी व्हायला बघत होत्या.

"नळकांड्यातून काढलंस तेव्हा वरून काय दिसलं?" बाईंनी धाकटीला विचारलं.

"वरून? वरून पांढरं कापड. पाठ. तिथंच मला शंका आली. सोमवारी गुंडाळल्यावर वरून रेघा दिसत होत्या हो. नदी बाहेरून दिसत होती."

बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. एवढी बारीक गोष्ट हिच्या लक्षात राहिली, याचं त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी ते नवल झटकून टाकलं.

संपादक आपल्या खोलीत ग्रंथाच्या छापील पानांच्या ढिगामागे बसले होते. 'आपले शहर: इतिहास, भूगोल आणि सांस्कृतिक जीवन', पानं आठशे बारा. गृहस्थ मूळचे दुसरीकडचे. पस्तिसाव्या वर्षी इथल्या महाविद्यालयात आले, आणि दुसरीकडच्या माणसालाच येतं तसं इथल्या प्रत्येक दगडावर प्रेम करू लागले. एकट्या सांस्कृतिक जीवनाला त्यांनी दोनशे पानं दिली होती. नाट्यगृह, ज्यात वर्षातून दोन प्रयोग होत आणि बाकीचे दिवस लग्नं. साहित्य मंडळ, सभासद सात, पैकी सहा कवी आणि सातवा सभागृहाचा मालक.

"बाई, माझा ग्रंथ पोरका झाला," ते म्हणाले. डोळे खरोखरच लाल होते. "उद्या राजधानीतून तज्ज्ञ बाई येणार होत्या. जुनं कापड, जुनी शाई तपासून दाखला देणार होत्या. मीच बोलावलं होतं त्यांना, गेल्या आठवड्यात. आता कळवलं, येऊ नका म्हणून."

"तुम्ही बोलावलंत? दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?"

"समितीत सांगितलं की गेल्या शनिवारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"नकाशा संग्रहालयाला दिला कुणी?"

"अध्यक्षांनीच. अकरा वर्षांपूर्वी. त्यांच्या घरच्या पेटीत सापडला. त्यांच्या घराण्याच्या मूळ पुरुषाचा वाडा बरोब्बर शहराच्या मध्यभागी आहे त्यात. हे पाहा."

त्यांनी फोटोची मोठी प्रत पुढं केली. बाईंनी चष्मा पुसला. मळकट पिवळ्या कापडावर काळ्या शाईनं नदी वळत गेली होती. तिच्यावर पूल, पुलाच्या वरच्या अंगाला नदीला येऊन मिळणारा ओढा, ओढ्याच्या अलीकडे टेकडी, टेकडीवर सात झाडं, त्यातलं चौथं जरा खुजं. मध्ये चौकोनी वाडा, वर निशाण. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण.

बाईंनी नकाशा दोनदा वरून खाली पाहिला. चूक काढायचीच म्हणून पाहिला, आणि चूक सापडली नाही.

"वाडाबिडा काय ते तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या आठशे बारा पानांत भूगोल बरोबर असलेली एवढी एकच जागा आहे."

३

अध्यक्ष आपल्या लाकडाच्या वखारीत, करवतीच्या आवाजात भेटले. वजन शंभर किलो, अंगठ्या चार. बाईंना पाहताच ते खुर्चीवरून उठले. बाईंनी सातवीत ज्यांना ज्यांना शिकवलं ती सगळीच माणसं अशी उठत. त्याला आदर म्हणायचं की सवय, हे बाईंनी कधी तपासलं नव्हतं.

"बाई, तुमच्या घरातली व्यक्ती. मला किती वाईट वाटतंय म्हणून सांगू!"

"सांगू नकोस. तुझ्या वाईट वाटण्याचा मला उपयोग नाही. सोमवारी चहा सोडून कुठं गेला होतास?"

"फोनवर होतो. जिन्यात."

"आणि फलक?"

"कसले फलक?" ते म्हणाले, आणि लगेच, "हां, ते. रंगाऱ्याकडे परत पाठवले. 'त्रिशताब्दी' लिहिताच येत नाही मेल्याला."

"तुला येतं?"

अध्यक्ष हसले. बाई हसल्या नाहीत. हा मुलगा त्यांना चांगला आठवत होता. मागच्या बाकावरचा, ढ. सहामाहीत भूगोलात शंभरात अकरा. ज्याच्या वंशात मूळ पुरुष निघाला, त्याला पूर्व दिशा दाखव म्हटलं की तो खिडकी दाखवायचा.

"बाई, ठराव मी मांडणार नाही, दुसरं कुणीतरी मांडेल. पण मांडावा लागेल. शहराच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"शहराला अब्रू असती तर तू अध्यक्ष झाला नसतास," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. करवत पुन्हा सुरू झाली.

शुक्रवारी सकाळी त्या आरेखकाकडे गेल्या. हा त्यांचा एकमेव हुशार विद्यार्थी. नगरपालिकेत तीस वर्षं गटारं, रस्ते, नळ यांचे नकाशे काढून नुकताच मोकळा झालेला. या शहरानं हुशार माणसाचा काय उपयोग केला, तर गटारं मोजून घेतली, असं बाई त्याच्याबद्दल सांगत. खिडकीपाशी उतरतं टेबल, पेनं ओळीनं मांडलेली. कोपऱ्यात दहा-बारा गुंडाळ्या उभ्या होत्या. सगळ्यांवर रेघा बाहेरून दिसत होत्या. भिंतीवरून काढलेलं जुनं कॅलेंडरसुद्धा चित्र बाहेर ठेवून गुंडाळलेलं.

"हे असं उलटं का रे?"

"उलटं नाही बाई, सुलटं. चित्र बाहेर ठेवून गुंडाळलं की उलगडल्यावर कडा खाली वळतात, नकाशा टेबलाला चिकटून बसतो. आत ठेवलं की कडा डोक्यावर येतात. आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आता हात दुसरं काही ऐकतच नाही."

म्हणजे हा नाही. सोमवारी यानंच नकाशा गुंडाळला होता आणि नदी बाहेरून दिसत होती. हा चोर असता तर त्यानं पर्जन्यमानही चित्र बाहेर ठेवूनच गुंडाळलं असतं. सवयीनं तरी, नाहीतर निदान वरवर सारखं दिसावं म्हणून तरी. पांढरी पाठ बाहेर ठेवणारा माणूस नकाशाच्या धंद्यातला नव्हता. आणि तज्ज्ञाला आपणहून बोलावणारे संपादक कशाला चोरी करतील? त्यांना नकाशा तपासून हवा होता. ज्याला तो तपासून नको होता, असा एकच उरत होता.

पण तपासणीला भ्यायचं कारण काय?

"तो नकाशा खरा आहे का रे?" बाईंनी विचारलं.

आरेखक पेनं सारखी करू लागला. ती आधीच सारखी होती.

"तुला विचारतेय मी."

"बाई, तुम्ही फोटो पाहिलात ना?"

"पाहिला. चोख आहे."

"मग राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? माझी जाऊ उद्या चार वाजता चोर ठरणार आहे. बोल!"

त्यानं मान वर केली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण चेहरा वर्गात उभं केल्यासारखा झाला होता.

"बाई, तो ओढा पुलाच्या वर मिळत नाही. खाली मिळतो. मी स्वतः मोजलाय. मध्ये टेकडी आहे. पाणी टेकडी चढून कसं जाईल?"

४

बाई चाळीस वर्षं हा ओढा फळ्यावर काढत आल्या होत्या. पुलाच्या वर. निळ्या खडूनं.

त्या उठल्या. सरळ चालत सुटल्या. पूल ओलांडला, टेकडीला वळसा घातला, आणि कापड रंगवणाऱ्यांच्या वस्तीत शिरल्या. इथं त्या कधीच आल्या नव्हत्या. वास येतो, चिखल असतो, आणि बघायचं काय, असं त्या म्हणत आल्या होत्या. या वस्तीतली मुलं वर्गात हात वर करायची तेव्हा त्यांना, 'आधी नखं दाखव', असं सांगून खाली बसवलेलं त्यांना आठवलं. त्यातल्या एखाद्याला कदाचित ओढ्याबद्दलच काही सांगायचं असेल.

दोरीवर ओलं निळं कापड टाकत एक बाई उभी होती.

"ओढा नदीला कुठं मिळतो हो?" बाईंनी विचारलं.

"हा काय, पायाशी." तिनं हनुवटीनं दाखवलं. निळसर पाणी दगडांवरून खाली उतरून नदीत जात होतं. पूल मागं, चांगला हाकेच्या अंतरावर वर राहिला होता.

"पूर्वी पुलाच्या वर मिळत असेल?"

"वर?" ती मोठ्यांदा हसली. "मधी टेकडी नाही का? आमच्या बदकांना कळतं ते. तुम्ही कुठल्या, परगावच्या का?"

"इथल्याच," बाई म्हणाल्या.

पहिल्या वर्षी त्यांनी तो नकाशा कुठल्याशा जुन्या पाठ्यपुस्तकावरून उतरवला होता. पुढं पुस्तकही लागलं नाही. बाई तिथंच एका दगडावर बसल्या. लाजेनं कान तापले होते आणि ती लाज कुणावर तरी काढायला त्यांना माणूस सापडत नव्हता. आरेखकाला तीस वर्षं माहीत होतं. तो बोलला नाही, कारण पट्टीला 'तुम्ही चुकलात' म्हणायची कुणाची छाती? सगळं शहर त्यांनी ढ ठरवलं होतं, आणि त्या शहराला त्यांनीच खोटा ओढा पाठ करून घ्यायला लावला होता.

मग हळूहळू डोकं चालू लागलं. तीनशे वर्षांपूर्वी इथं राहणारा माणूस ओढा टेकडीवरून चढवणार नाही. चढवेल तो एकच माणूस. जो त्यांच्या वर्गात बसला आहे.

आणि चौथं झाड! त्यांच्या वर्गातल्या फळ्याचा एके ठिकाणी टवका उडाला होता. खडू तिथं अडखळे, म्हणून टेकडीवरच्या सात झाडांपैकी चौथं त्या नेहमी खुजं काढत. आपलीच खोड दुसऱ्याच्या हातातून समोर आली आणि त्यांना ती ओळखू आली नव्हती. उलट त्यांनी तिला चोख म्हटलं होतं.

बाई उठल्या. पदराचा काठ निळा झाला होता. उद्या धाकटीला सोडवायचं तर हे सगळं भर बैठकीत सांगावं लागणार होतं. ज्यांना चाळीस वर्षं तुच्छ मानलं त्यांच्यासमोर. घरी येईपर्यंत त्यांनी दुसरा एखादा मार्ग शोधून पाहिला. एकही मिळाला नाही.

५

शनिवारी चार वाजता समितीचे सात जण लांब टेबलाभोवती बसले. धाकटी दाराजवळच्या खुर्चीवर, किल्ल्यांचा जुडगा मांडीत घेऊन. ठरावाचा कागद अध्यक्षांपुढं, सह्यांसाठी मोकळ्या सात रेघा. संपादक आणि आरेखकही त्या सातांतच होते.

बाई बोलावल्याशिवाय आत आल्या. संपादक सोडून सगळे उठून उभे राहिले.

"बसा. प्रत्येकानं एक कोरा कागद घ्या. आपल्या शहराचा नकाशा काढा. जसा शाळेत काढत होतात तसा."

"बाई, ही बैठक आहे," औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय. वर्गात एवढं तरी येत होतं तुम्हाला. दहा मिनिटं. शेजारच्याचं बघायचं नाही."

आणि काय आश्चर्य, सगळ्यांनी कागद घेतले! शहराचे कर्ते पुरुष, त्यातला एक नगरसेवक, मान खाली घालून नदी काढू लागले. एकानं सवयीनं कागद हातानं झाकला. संपादकांनी कागद रिकामा ठेवून हात जोडले. ते इथल्या शाळेतले नव्हते.

बाई मागून फिरल्या. औषधवाल्याची नदी सरळ गेली होती, पण ओढा पुलाच्या वर. नगरसेवकांना टेकडी आठवली नव्हती, पण ओढा पुलाच्या वर. तिसऱ्याचा वर, चौथ्याचा वर. आरेखकानं मात्र खाली काढला, आणि बाई मागं येताच कागद जरा सरकवून त्यांना नीट दिसेल असा ठेवला.

अध्यक्षांचा नकाशा सगळ्यात आधी पुरा झाला होता. हात एकदाही अडला नव्हता. नदीची वळणं, पूल, ओढा, बाण. टेकडीवर सात झाडं, आणि चौथं खुजं.

"वा," बाई म्हणाल्या. "आता ऐका. आरेखक सोडून तुम्ही सगळे चुकलात. ओढा पुलाच्या खाली मिळतो. मी काल माझ्या डोळ्यांनी पाहिला." त्या थांबल्या. "चूक तुमची नाही. माझी आहे. मी चाळीस वर्षं चुकीचा नकाशा शिकवला. तिकडं जाऊन बघायचे कष्ट घेतले नाहीत."

कुणी हसेल असं त्यांना वाटलं होतं. कुणीच हसलं नाही, ते त्यांना जास्त झोंबलं.

त्यांनी फोटोची प्रत टेबलावर ठेवली. "हा तीनशे वर्षांपूर्वीचा म्हणे. त्यातही ओढा वर आहे. म्हणजे तुमचा तो मूळ नकाशाकारसुद्धा माझ्या वर्गात बसलेला दिसतो! सात झाडं बघा. चौथं खुजं आहे, कारण माझ्या फळ्याचा तिथं टवका गेला होता. तुमच्यापैकी कुणाला ते झाड आठवलं?"

सगळ्यांनी आपापल्या कागदाकडे पाहिलं. मग, एकामागून एक, अध्यक्षांच्या कागदाकडे.

अध्यक्षांनी कागदावर हात ठेवला. पण तोवर उशीर झाला होता.

"तुला मी सातवीत शिक्षा म्हणून हा नकाशा शंभर वेळा काढायला लावला होता," बाई त्यांना म्हणाल्या. "बाकीचे विसरले, तुझा हात विसरला नाही. तज्ज्ञ येणार हे कळलं आणि तू घाबरलास. ग्रंथात फोटो छापून यायला हवा होता, कापड मात्र कुणी तपासायला नको होतं. सोमवारी फलकांच्या गुंडाळीतून पर्जन्यमान आणलंस, त्याच गुंडाळीतून नकाशा नेलास. मुद्दाम काहीतरी जड आत ठेवलंस, म्हणजे चोरी झाल्याचं तीन दिवस कळणार नाही आणि नाव येईल ते किल्लीवाल्या बाईचं. आता आपण सगळे वखारीत जाऊन फलक बघू या, की तूच आणून देतोस?"

अध्यक्षांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग उतरला.

"शंभर नाही बाई," ते म्हणाले. "दोनशे चाळीस. तुम्ही मोजत नव्हतात, मी मोजत होतो. एकदाही बरा आहे म्हणाला नाहीत. बघितलासुद्धा नाहीत, नुसती फुली मारलीत." त्यांनी घाम पुसला. "मग म्हटलं, एकदा काढून काचेखाली लावून बघू. अकरा वर्षं लोक त्याच्यापुढं हात जोडून उभे राहायचे. परवा तुम्हीसुद्धा भूगोल बरोबर आहे म्हणालात. संपादकांनी सांगितलं मला."

बाईंची नजर दाराकडे गेली, आणि त्यांना राग आला तो मात्र अगदी ताजा आणि बरोबर जागी आला.

"माझ्यावरचा सूड माझ्यावरच उगवायचा होतास," त्या म्हणाल्या. "हिनं तुझं काय केलं होतं?"

अध्यक्षांनी धाकटीकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "हिचं... हिचं लक्षातच आलं नाही," ते म्हणाले.

औषधवाल्यानं ठरावाचा कागद उचलून फाडला. संपादक सोबत आणलेल्या आठशे बारा पानांच्या ढिगावर डोकं टेकून बसले होते.

६

त्या दिवशी संध्याकाळी दोघी घरी आल्या. नोकरी शाबूत होती. समितीनं माफीचं पत्र द्यायचं कबूल केलं होतं, सोहळा पुढं ढकलला होता, आणि अध्यक्षांनी राजीनामा दिला होता. बाईंनी स्वतः चहा टाकला, जे त्या घरात क्वचित घडे. धाकटी खुर्चीवर बसून राहिली.

"आता का गप्प? सुटलीस ना?"

"सुटले. तुमचे उपकार आहेत." धाकटीनं कप हातात घेतला, पण प्यायली नाही. "एक विचारू? रागावू नका. तीन दिवसांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, की मी नेला का म्हणून."

"विश्वास होता माझा तुझ्यावर."

"विश्वास नव्हता जाऊबाई. माझ्यात तेवढी अक्कल असेल, असं तुम्हाला वाटलंच नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं, पण आज त्यांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"नाही वाटलं," त्या म्हणाल्या.

"त्या नकाशाला अकरा वर्षांत कसर लागली नाही. शेजारच्या कापडांची चाळण झाली, त्याला एक भोक नाही. दर वर्षी उन्हात मीच घालते ना. नव्या कापडाला चहाच्या पाण्यात बुडवलं की येतो तो रंग मला कळतो. तो नकाशा खोटा आहे हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगणार? अध्यक्ष माझ्याकडे बघत नाहीत. संपादक मला चहा सांगतात. आणि तुम्ही..." धाकटीनं वाक्य सोडून दिलं.

बाईंना काहीतरी म्हणायचं होतं, पण त्यांनी आयुष्यभर जी वाक्यं वापरली होती त्यातलं एकही इथं बसत नव्हतं. शेवटी त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"तू असतीस तर कसा नेला असतास?"

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा आहे का, ते बघितलं. नव्हती.

"मी नळकांड्याला हातच लावला नसता," ती सावकाश म्हणाली. "दर मार्चात खराब वस्तूंची यादी निघते. 'कसर लागल्याने बाद', असं लिहायचं आणि तीन सह्या घ्यायच्या. ती यादी आजवर कुणी वाचलेली नाही. नकाशा रीतसर बाद झाला असता, नोंदीतून गेला असता, आणि तो नाहीसा झालाय हे या शहरात कुणाला कळलंही नसतं."

बाई ऐकत होत्या. "आणि सह्या? अध्यक्षांची सही?"

"ती तर सगळ्यात सोपी," धाकटी म्हणाली, आणि सांगू लागली.